तळाच्या नादाचे इमान

प्रत्येक मेळात असा एक वादक असतो की ज्याचे वादन उत्तम झाले तर श्रोते गायकाची स्तुती करीत घरी जातात, आणि ज्याचा हात एका मात्रेपुरता जरी ढळला तरी त्याच श्रोत्यांना काहीतरी बिघडल्याचे जाणवते, मात्र काय बिघडले ते त्यांना सांगता येत नाही. पाश्चात्य धर्तीच्या वाद्यवृंदात हे स्थान बेस गिटार वाजवणाऱ्याचे आहे. वारकरी कीर्तनात ते मृदंगवादकाचे आहे, आणि त्यातही विशेषेकरून त्याच्या डाव्या हाताचे आहे. या दोघांमध्ये देश, भाषा, धर्म आणि द्रव्य यांचे अंतर अफाट आहे. तरीही हे दोन्ही प्रकारचे वादक आपापल्या सोबत्यांत बसले म्हणजे तासन्‌तास ज्यांवर बोलतात ते विषय तेच तीन असतात : वाद्याचा सरंजाम, कार्यक्रमांचा व्यवहार आणि वाजवण्यातले इमान.

रसिक म्हणवणाऱ्या सुशिक्षित वर्गाला यांपैकी पहिले दोन विषय क्षुद्र वाटतात. वादी कोणत्या कातड्याची, तार किती जाडीची, सुपारी कितीला ठरली आणि बयाणा हाती आला की नाही, ही बोलणी कारागिराला किंवा व्यापाऱ्याला शोभणारी असून कलावंताने रस, भाव आणि साधना यांविषयीच बोलावे, अशी या वर्गाची समजूत आहे. माझे प्रतिपाद्य याच्या उलट आहे. ज्या वादकाचे काम श्रोत्याला स्वतंत्रपणे ऐकू येत नाही, त्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षा श्रोता घेऊ शकत नाही. ती तो वादक स्वतः आणि त्याचे समव्यवसायी एवढेच घेऊ शकतात, आणि ज्या भाषेत ते ती घेतात ती भाषा कातड्याची, कणकेची, तारांची आणि पैशाचीच असते. म्हणून सरंजामाची व व्यवहाराची चर्चा ही इमानाच्या चर्चेहून खालच्या पायरीवरची नसून इमानाचा निवाडा प्रत्यक्षात तेथेच होतो, असे मला दाखवावयाचे आहे.

प्रथम तळाच्या नादाचे स्वरूप पाहू. चार तारांच्या बेस गिटारीची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, आणि त्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ सव्वाआठ मीटर भरते. मनुष्याचा कान अशा मंद्र नादांविषयी स्वभावतःच बधिर आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दाखवून दिले की, मध्यम पट्टीतील स्वराइतकाच मोठा भासण्यासाठी खालच्या स्वराला कितीतरी अधिक शक्ती खर्च करावी लागते, आणि एकूण आवाज जितका लहान तितका हा फरक वाढत जातो. याहून विलक्षण गोष्ट अशी की, लहानशा ध्वनिवर्धकातून मूळ मंद्र स्वर मुळीच उमटत नसला, केवळ त्याचे वरचे उपस्वर तेवढे ऐकू येत असले, तरी आपली बुद्धी त्या उपस्वरांवरून मूळ स्वराची कल्पना करून घेते आणि तो ऐकल्याचे समाधान मानते. श्रम सर्वांत अधिक आणि जाणीव सर्वांत कमी, असे हे काम आहे; तळाचा नाद श्रोता ऐकतो त्यापेक्षा गृहीतच अधिक धरतो. ज्या वस्तूला समाज गृहीत धरतो तिची राखण करणाऱ्याच्या वाट्याला प्रशंसा येत नाही, आणि प्रशंसेच्या आधाराविना जे टिकते तेच खरे इमान, ही गोष्ट या वादकाच्या बाबतीत सृष्टिनियमानेच ठरवून टाकली आहे.

बेस गिटारीचा जन्म तसा अलीकडचा. तिच्यापूर्वी हे काम माणसाच्या उंचीचे, उभे राहून वाजवावयाचे डबल बेस हे वाद्य करीत असे. ते गावोगाव वाहून नेणे जिकिरीचे, त्याचा आवाज पितळी वाद्यांच्या गर्दीत बुडून जाणारा, आणि त्याच्या दांडीवर पडदे नसल्यामुळे नेमका स्वर पकडणे दीर्घ सरावाविना दुष्कर. १९५१ साली कॅलिफोर्नियातील फुलरटन या गावी लिओ फेंडर या गृहस्थाने पडदे असलेली, चौतीस इंच लांबीच्या तारांची, आडवी धरून वाजवावयाची विजेची बेस गिटार बाजारात आणली आणि तिला नावच अचूकपणावरून ‘प्रिसिजन’ असे दिले. हा फेंडर स्वतः गिटारवादक नव्हता. रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवणारा तो एक कारागीर होता, आणि दुरुस्तीसाठी येणाऱ्या वादकांच्या तक्रारी त्याने मन लावून ऐकल्या, हीच त्याची संगीतसेवा. वादकांची वाद्याविषयीची बोलणी क्षुद्र मानणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लोकप्रिय संगीताचा सारा पाया अशाच बोलण्यांतून घडला आहे.

आमच्याकडे हे काम पखवाजाच्या, म्हणजे वारकरी ज्याला मृदंग म्हणतात त्या वाद्याच्या, डाव्या तोंडाकडे फार पूर्वीपासून आहे. उजव्या पुडीवर, म्हणजे तोंडावर मढवलेल्या कातड्यावर, शाई कायमची बसवलेली असते. डाव्या पुडीवर, जिला आमच्याकडे धूम म्हणतात, प्रत्येक बैठकीपूर्वी ओल्या कणकेचा गोळा थापावयाचा, बैठक संपल्यावर तो खरवडून काढावयाचा आणि पुडी स्वच्छ करून ठेवावयाची, असा जुना दस्तूर. कणीक जितकी अधिक तितका नाद खाली उतरतो. ती किती घ्यावी, किती सैल मळावी आणि कशी पसरावी याचे माप कोणत्याही पोथीत नाही, ते फक्त तळहाताला ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकात इंदूरच्या आश्रयाने वाढलेल्या नाना पानसे यांच्या परंपरेने महाराष्ट्राला पखवाजाची जी शिस्त दिली, ती पुढे ख्याल आणि तबला यांच्या भरतीत मैफलींतून मागे सरली खरी. परंतु मंदिरांतून, दिंड्यांतून आणि हरिनाम सप्ताहांतून हे वाद्य नांदते राहिले, आणि ज्या भूमीत ते विशेष प्रतिष्ठेने नांदले तिच्यात बीड जिल्ह्याची गणना अगत्याने केली पाहिजे.

निजामी अमदानीत मोमिनाबाद या नावाने दप्तरी असलेले या जिल्ह्यातील अंबाजोगाई हे गाव योगेश्वरीचे स्थान म्हणून, मुकुंदराजांची भूमी म्हणून आणि दासोपंतांची कर्मभूमी म्हणून मराठी वाचकाला परिचित आहे. १५५१ ते १६१५ या कालखंडात होऊन गेलेल्या ज्या दासोपंतांनी लांबच लांब कापडाच्या पासोडीवर आपला ग्रंथ लिहिला, त्यांनीच गावयाची पदेही विपुल रचली. म्हणजे शब्द आणि नाद यांचे साहचर्य या गावाला नवे नाही. याच तालुक्यातील आपेगावचे शंकरबापू आपेगावकर वारकरी परंपरेतून आले, आणि पखवाजवादनासाठी त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला. त्यांचे चिरंजीव उद्धवबापू यांनी ती परंपरा पुढे चालवली. कीर्तनाच्या मंडपातून अखिल भारतीय व्यासपीठापर्यंतचा हा प्रवास ज्याने नीट समजून घेतला, त्याला सप्ताहातील साथ आणि शास्त्रीय मैफल यांच्यामध्ये उच्चनीचतेची भिंत उभारण्याचे धैर्य होणार नाही.

आता सरंजामाकडे वळू. मृदंग वाजवणारे दोघे भेटले की पहिला प्रश्न वाद्याच्या प्रकृतीचा. खोड कोणत्या लाकडाचे, पुडी कोणी मढवली, शाई फुटली तर नव्याने कोणाकडून चढवली, वादी आणि गठ्ठ्यांचे वाद्य ठेवावे की नटबोल्टचे, धुमेला कणीक लावावी की कायमची शाई बसवून घ्यावी, या प्रश्नांवर मतभेद तीव्र असतात. नटबोल्टच्या बाजूचा म्हणतो की पान्याच्या दोन फेऱ्यांत वाद्य सुरात येते, रात्रीच्या दोन कार्यक्रमांमध्ये चाळीस कोसांचा प्रवास असेल तर हातोडी घेऊन गठ्ठे ठोकीत बसावयास सवड कोणाला आहे? वादीच्या बाजूचा उत्तर देतो की लोखंडाने वाद्य जड होते, आणि वादीच्या ताणाने जी गोलाई येते ती लोखंडी ताणाने येत नाही. कणकेच्या बाजूचा सांगतो की ताज्या कणकेचा घुमारा शाईच्या धुमेला नाही. शाईच्या बाजूचा विचारतो की उन्हाळ्यात कीर्तन दोन तास चालले आणि कणीक वाळून धूम चढली, तर त्या घुमाऱ्याचा उपयोग काय?

या वादात कोण बरोबर याचा निर्णय मला करावयाचा नाही. मला लक्ष वेधावयाचे आहे ते वादाच्या खाली दडलेल्या प्रश्नाकडे. बीडच्या कोरड्या हवेत, चैत्र-वैशाखाच्या रात्री, कीर्तनकार निरूपणाच्या ओघात असताना मृदंग बराच वेळ मुका असतो, आणि त्याच मुक्या अवकाशात धुमेवरची कणीक वाळत जाते. पुढची चाल केव्हा उचलली जाईल हे आधी कोणी सांगत नाही. एखाद्या शब्दावर कीर्तनकाराचा आवाज चढतो आणि त्याच क्षणी टाळांच्या पहिल्या ठोक्याबरोबर थाप पडावी लागते. म्हणून जाणता वादक निरूपण ऐकता ऐकता, कोणाचे लक्ष नसताना, ओल्या बोटांनी कणकेला पाणी लावून ठेवतो. हे कृत्य कोणत्याही श्रोत्याला दिसत नाही, आणि दिसले तरी त्याचा अर्थ त्याला कळत नाही. ते करणारा आणि न करणारा यांतील भेद दुसऱ्या मृदंगवादकालाच कळतो. कणकेची चर्चा ही वस्तुतः या सावधपणाची चर्चा आहे. ‘तुम्ही कणीक कशी ठेवता’ या प्रश्नाचा खरा आशय ‘कोणी पाहत नसताना तुम्ही काय करता’ हा असतो.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे आणि तो रास्त आहे. सरंजामाच्या चर्चेचे पर्यवसान वस्तुलोभात होते. नवनवी वाद्ये, यंत्रे आणि तारा खरेदी करणे हीच साधना आहे असे तरुण वादकाला वाटू लागते. बेस गिटारीच्या जगात तर या लोभाला अंत नाही. याचे उत्तर त्याच जगातील एका थोर वादकाच्या उदाहरणाने देता येते. डेट्रॉइट शहरातील मोटाउन या ध्वनिमुद्रण संस्थेसाठी वाजवणारा जेम्स जेमर्सन हा १९६२ सालची एकच फेंडर गिटार वर्षानुवर्षे वाजवीत राहिला, तिच्या तारा तुटल्याविना तो बदलीत नसे, आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने तो सारे वादन करी. जुन्या तारांचा बसका, गोल नाद हाच त्याचा स्वर होता, आणि तो कसा टिकवावा हे त्याने जाणीवपूर्वक ठरवले होते. आमच्याकडे दर बैठकीस कणीक नवी, तिकडे जेमर्सनच्या तारा जुन्या. आचार परस्परविरुद्ध, परंतु दोहोंच्या मुळाशी असलेला विचार एकच की, आपल्या वाद्याचा नाद कोणत्या कारणाने तसा आहे हे वादकाला पक्के ठाऊक असले पाहिजे. खरेदी करणाऱ्याला वस्तूची किंमत कळते. निगा राखणाऱ्याला तिचा धर्म कळतो. सरंजामाची जी चर्चा निगेपर्यंत पोचते ती साधनेचाच भाग होय, आणि जी खरेदीपाशी थांबते तिला लोभ म्हणावे, एवढा विवेक पुरेसा आहे.

दुसरा विषय व्यवहाराचा, आणि येथे प्रश्न अधिक बिकट आहे. कीर्तन करून द्रव्य घेणाऱ्याविषयी तुकोबांनी अत्यंत कठोर शब्द वापरले आहेत, आणि वारकरी मनावर त्या शब्दांचा धाक आजही आहे. मृदंगवादकाने मोबदल्याचा शब्द काढला की मंडपातील कोणीतरी त्या धाकाची आठवण करून देतो. परंतु या युक्तिवादाचा लाभ कोणाला होतो हे पाहिले पाहिजे. नामाचे मोल करू नये हे खरे. म्हणून श्रमाचेही मोल देऊ नये असे त्यातून निष्पन्न होत नाही. पहाटेच्या काकड्यापासून सायंकाळच्या हरिपाठापर्यंत आणि तेथून रात्रीच्या कीर्तनापर्यंत, सात दिवस, आणि शेवटी काल्याच्या कीर्तनापर्यंत ज्याचे हात चालतात त्याला घर आहे, मुले आहेत, आणि पुडी फुटली तर ती मढवून घेण्याचा खर्च आहे. नामांकित कीर्तनकाराची बिदागी आणि त्याच कीर्तनातील मृदंगवादकाची बिदागी यांतील तफावत सर्वश्रुत आहे. तुकोबांचा धाक दाखवावयाचाच असेल तर तो प्रथम वरच्या आसनाला दाखवावा, खालच्या बैठकीला नव्हे.

या तफावतीला इतिहास आहे. देवळाच्या आणि गावाच्या वाद्यसेवेला पूर्वी इनामाचा अथवा बलुत्याचा आधार असे. त्यात धान्य मिळे, हक्क मिळे, परंतु मानाची वाटणी जातीप्रमाणे होई. ज्या मातंग समाजाच्या हलगीवाचून गावचे लग्न लागत नसे, त्या समाजाला लग्नाच्या मांडवात बसण्याचा अधिकार नव्हता. कातडे सोलणारा, ते कमावणारा, वादी कापणारा यांच्या श्रमावाचून मृदंगाचा पवित्र ध्वनी निघू शकत नाही, हे प्रत्येक भाविकाला ठाऊक होते आणि प्रत्येकाने ते विसरण्याचे ठरवले होते. चर्मवाद्य देवापुढे आणि चर्मकार दाराबाहेर, हा आमच्या संगीताच्या इतिहासातील लाजिरवाणा जमाखर्च आहे. तेव्हा आज जे वादक सुपारीचा आकडा, प्रवासखर्च आणि बयाणा यांविषयी उघडपणे बोलतात, ते संगीताला बाजारी करीत आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. जो हिशेब पिढ्यान्‌पिढ्या मिटवलेला नव्हता तो ते रुजू करीत आहेत.

अन्यत्रही असेच घडले. जेमर्सनच्या बेसवर उभी राहिलेली गीते जगभर गाजली, तरी तबकड्यांच्या वेष्टनावर त्याचे नाव नसे. १९७१ साली मार्विन गे याच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या ध्वनिमुद्रिकेवर ते छापले गेले, तोवर त्याच्या कारकिर्दीचा मोठा भाग सरून गेला होता. मुंबईच्या चित्रपटसंगीतात राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात बेस वाजवणाऱ्या टोनी वाझ यांच्यासारख्या गोमंतकीय वादकांचा नाद महाराष्ट्रातील प्रत्येक घरात पोचला, आणि त्यांचे नाव घरटी एकालाही ठाऊक झाले नाही. अनामिकता ही साधूने स्वेच्छेने पत्करली तर भूषण. परंतु मालकाने ती नोकरावर लादली तर तो अपहार होय. तळाचा नाद ऐकू न येणे हा सृष्टीचा नियम आहे. तो वाजवणाऱ्याचे नाव न छापणे हा माणसांनी केलेला ठराव आहे, आणि माणसांनी केलेला ठराव माणसांना रद्द करता येतो.

बीडच्या संदर्भात या व्यवहाराला आणखी एक बाजू आहे, आणि ती वादकाला जबाबदार करणारी आहे. या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडीला परमुलखी जातात आणि हंगाम सरल्यावर परततात. ती परतली की गाव पुन्हा भरतो, वर्गणी जमते आणि सप्ताह बसतो. त्या वर्गणीतील नाणे कोयत्याच्या मुठीतून आलेले असते. असे द्रव्य स्वीकारणाऱ्या वादकावर जे बंधन पडते ते कोणत्याही कराराहून कडक आहे : त्याने वेळेवर यावे, वाद्य सुरात आणावे, आणि श्रोता अडाणी आहे, त्याला काय कळते, या समजुतीने हात राखून वाजवू नये. मोबदला मागण्याचा हक्क आणि पूर्ण वाजवण्याचे कर्तव्य ही दोन निराळी प्रकरणे नव्हेत. जो आपला दर निर्भयपणे सांगतो त्यालाच आपल्या कसुरीची सबब सांगता येत नाही. फुकट वाजवणाऱ्याला ती नेहमीच सापडते.

आता तिसरा विषय, ज्याला मी प्रारंभापासून इमान म्हणत आलो. तळाच्या वादकापुढील सर्वांत मोठा मोह दिसण्याचा. गायक चालीच्या शेवटी विसावला की मृदंगवादकाला एक मोकळी जागा मिळते. तेथे लहानशी तिहाई घेऊन समेवर यावे, की बोलांची आतषबाजी करून मंडप गाजवावा, हा निर्णय क्षणार्धात करावा लागतो. टाळ्या दुसऱ्या मार्गाला आहेत. अभंगाचा शेवटचा शब्द श्रोत्यांच्या मनात मुरावयास जो अवकाश लागतो तो पहिल्या मार्गाने मिळतो. बेस गिटारवादकाची स्थिती हीच आहे : स्वराचा मूळ पाया एका ठोक्यात देऊन थांबावे, की चार तारांवर बोटे नाचवून मुख्य गायकाच्या अंगावर जावे? न वाजवलेल्या मात्रेचे श्रेय कोणी देत नाही, म्हणूनच ती न वाजवण्यात वादकाची पारख होते.

याचा अर्थ असा नव्हे की तळाच्या वादकाने जन्मभर मान खाली घालून बसावे. पखवाजाला स्वतंत्र वादनाची भरघोस परंपरा आहे. चौतालाच्या बारा मात्रांत परणांची जी रचना उभी राहते ती कोणत्याही गायनाची दासी नाही. मुंबईत वाढलेल्या मोहिनी डे या तरुण वादिकेने बेस गिटारीवर जे स्वतंत्र प्रभुत्व दाखवले आहे त्यानेही हेच सिद्ध होते की, सामर्थ्य असणे आणि ते योग्य जागी आवरणे या दोन्ही गोष्टी एकाच हातात नांदू शकतात. किंबहुना ज्याला स्वतंत्र वाजवता येते त्याच्याच संयमाला मोल आहे. ज्याला येतच नाही त्याचे गप्प बसणे हा संयम नव्हे. स्वतंत्र बैठकीत संपूर्ण विद्या उधळावी आणि साथीला बसताच गाणाऱ्याच्या श्वासाशी आपला श्वास जुळवावा, अशी ही दुहेरी तयारी आहे, आणि ती अंगी बाणण्यास एक आयुष्य पुरत नाही असे जुने लोक म्हणत, ते अतिशयोक्त नव्हते.

या पार्श्वभूमीवर आजच्या ग्रामीण जीवनात तळाच्या नादाचे जे झाले आहे ते चिंतनीय आहे. मिरवणुकीत, वरातीत आणि जयंतीच्या सोहळ्यात ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात, त्यांच्या तळाच्या ठोक्याने छाती आणि खिडक्यांच्या काचा एकदमच थरथरतात, आणि ‘बेस वाढवा’ ही मागणी प्रत्येक तरुणाच्या तोंडी असते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, रात्री दहा ते पहाटे सहा या वेळेत ध्वनिवर्धकांना बंदीही केली आहे. परंतु माझा आक्षेप कायद्यापुरता नाही. त्या भिंतीतून येणारा मंद्र नाद कोणाचेही ऐकत नाही. गायक थांबला तरी तो थांबत नाही, लय ओढली गेली तरी तो सावरून घेत नाही, कारण त्याच्यामागे माणसाचा कान नाही. अनेक वाद्यवृंदांतूनही बेस गिटार नाहीशी झाली आणि तिचे काम कीबोर्डमध्ये आधीच भरून ठेवलेल्या ठेक्यावर सोपवले गेले. यंत्र वापरणे हे पाप नव्हे. कीबोर्डचा डावा हात गायकाकडे लक्ष ठेवून खालचे स्वर देत असेल तर तोही साथीचाच धर्म पाळतो. अधःपात तेव्हा होतो, जेव्हा तळाच्या नादाचे आकारमान वाढते आणि त्याची जबाबदारी घेणारा कोणीच उरत नाही.

म्हणून उपाय सुचवावयाचे तर ते नादाची जबाबदारी पुन्हा माणसाकडे आणणारे असले पाहिजेत, आणि ते खर्चिकही नाहीत. सप्ताहाच्या निमंत्रणपत्रिकेवर कीर्तनकाराचे नाव ज्या ठळक अक्षरांत छापले जाते त्याच अक्षरांत मृदंगाचार्याचे नाव छापावे. साथीदारांची बिदागी आधी ठरवून ती सर्वांच्या समक्ष द्यावी. बंद पाकिटात अंधार असतो आणि अंधारात अन्याय सुखाने नांदतो. कार्यक्रमापूर्वी वाद्ये लावण्यास अर्ध्या घटकेची शांतता राखावी, त्या वेळी मंडपातील ध्वनिवर्धक बंद ठेवावेत. अंबाजोगाईच्या यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहासारखी जी व्यासपीठे जिल्ह्यात रुजली आहेत, त्यांनी गायकवादकांच्या मैफलींबरोबर साथीदारांची एक चर्चासभा भरवावी, जीत वाद्य मढवणारा कारागीर, सप्ताहातला मृदंगवादक, वाद्यवृंदातला बेस गिटारवादक आणि हलगीवाला एका ओळीत बसून कातड्याविषयी, तारांविषयी आणि पैशाविषयी बोलतील, आणि ज्यांना संगीताचे श्रोते व्हावयाचे आहे ते समोर बसून ऐकतील.

अशा सभेतून श्रोत्याला जे मिळेल ते कोणत्याही रसग्रहणवर्गात मिळणार नाही. वादी का बदलली हे ज्याने वादकाच्या तोंडून ऐकले, तो पुढच्या कीर्तनात डाव्या हाताकडे लक्ष देईल. ज्याने डाव्या हाताकडे लक्ष दिले, त्याला गाणाऱ्याला कोण सावरते हे कळेल. आणि ज्याला हे कळले तो आयोजक झाला तर साथीदाराचा हिशेब बुडवणार नाही. तळाच्या वादकाचे इमान आजवर एकट्या त्याच्या सदसद्विवेकावर टिकून राहिले, हे त्याचे थोरपण आहे. परंतु ते तसेच एकट्यावर टिकावे अशी अपेक्षा करणे हे समाजाचे थोरपण नव्हे. त्या इमानाचा काही भार आता ऐकणाऱ्यांनी उचलला पाहिजे, आणि तो उचलण्याची पहिली पायरी म्हणजे ज्या बोलण्याला आपण क्षुद्र समजत आलो ते आदराने ऐकून घेणे.